चेंडू मागे देणारी

अण्णा, कबड्डीशिवाय दुसरा खेळ तुम्हाला खेळच वाटत नसे, तरी आज मी तुम्हाला अमेरिकन फुटबॉल समजावून सांगणार आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच. एवढं ऐकूनच तुम्ही उठून गेला असतात. बसा जरा.

इथे मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमधल्या एका मैदानावर दर शुक्रवारी संध्याकाळी मी मुलींना हा खेळ शिकवतो. ऑफिसातला एक अमेरिकन सहकारी शिकवायचा, तो मायदेशी परतला आणि शिट्टी माझ्या गळ्यात पडली. मूळ खेळात एका बाजूला अकरा जण असतात आणि धडाधड अंगावर जातात. आमच्या मुलींचा पाच जणींचा, बिनधक्क्याचा. कमरेला पट्टा, पट्ट्याला फिती. फीत ओढली की पकड झाली. क्वार्टरबॅक म्हणजे तुमचा चढाईवाला आणि कर्णधार एकाच अंगात: चेंडू हाती आला की तो कुणाकडे फेकायचा, ते तिनं क्षणात ठरवायचं. रिसीव्हर कडेने पळत जाऊन झेलतात, रनिंग बॅक चेंडू बगलेत मारून घुसते. आणि सेंटर मधोमध वाकून उभी राहते, पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला देते. तिच्यावाचून डाव सुरू होत नाही, पण टाळ्या तिच्या वाट्याला क्वचितच येतात. बचावात कोपरे सांभाळणाऱ्याही असतात, त्यांचं तुम्हाला सांगायला नको.

शाळेत तुम्ही आमचे कबड्डीचे मास्तर, मी तुमचा मुलगा, आणि चार वर्षं मी डाव्या कोपऱ्यात. सरावात माझ्याइतकी चपळ चढाई कुणाचीच नव्हती. तालुक्याच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मी धीर करून चढाई मागितली. तुम्ही फक्कीने रेघा ओढत होतात. वर न बघता म्हणालात, "जागा मागायची नसते. दिलेली सांभाळायची." घरी आई भाकऱ्या थापत होती, मी भरल्या ताटावरून उठलो. पुढच्या वर्षी खेळच सोडला. तुम्ही कारण विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

आता माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि माझ्याच संघात सेंटर आहे. गेल्या शुक्रवारी मैदानावरून रुवी भागातल्या आमच्या घरी येताना गाडीत म्हणते, "पप्पा, मला क्वार्टरबॅक खेळायचंय. माझा थ्रो बेस्ट आहे, यू नो दॅट."

"सेंटर सगळ्यात महत्त्वाची असते," मी म्हणालो.

"मग ती महत्त्वाची जागा दुसऱ्या कुणाला दे ना. नेक्स्ट मॅचला मी नाही येणार. खलास."

तिनं कमरेचा फितींचा पट्टा सोडून माझ्या मांडीवर ठेवला. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

मी ठाम होतो. तिचे हात पक्के आहेत, चेंडू कधी निसटत नाही, सेंटरला असंच माणूस लागतं. हे सगळं खरं आहे. पण ती फेकते सगळ्यांत चांगलं, हेही खरंच. मी शिकवायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात, इथला दाट दुधाचा करक चहा पिता पिता एका मुलीचे वडील हसत म्हणाले होते, "कोच साब, क्वार्टरबॅक तो घर की ही होगी ना?" सगळे हसले, मीही हसलो, आणि त्याच संध्याकाळी तिला सेंटरला उभं केलं. अण्णा, तुम्हालाही कुणी असंच हसत विचारलं होतं का? मास्तर आपल्याच पोराला पुढे करतात म्हणणारे गावात कमी नव्हते. मला राग आला होता आणि अजूनही थोडा येतो, कारण भीती तुमची होती आणि जागा माझी गेली.

उद्या मॅच आहे. संघाच्या यादीत क्वार्टरबॅकसमोर मी तिचं नाव लिहिलंय. कुणाला हसायचं त्यानं खुशाल हसावं. ती आत अभ्यास करतेय. हे पत्र इथेच थांबवून मी तिला उद्या येतेस का, ते विचारायला जातो. तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत ना, तरी मी परत खेळायला आलो असतो. अगदी कोपऱ्यातसुद्धा.