उसन्या क्रोटनची हकिगत

मु. पोशीर
वैशाख शुद्ध अष्टमी

थोरल्या भावाच्या ठिकाणी असलेले नामदेवदादा यांस,
पोशीरहून गजाननचा दंडवत. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावं. तुमची बहीण सुंदरा बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढं येतंच आहे.

दादा, आमच्या सोमीला बघायला चौक गावची मंडळी येणार म्हणून तुमच्या शिळफाट्याच्या घरातलं ते क्रोटनचं झाड मी कुंडीसकट मागून आणलं, ती कल्पना माझी नव्हती. (तुमच्या बहिणीची होती. बोलणी मात्र मी खातोय.) मुलगा नोकरीवाला, माणसं सुधारलेली, तेव्हा आपल्याही ओटीवर भाताच्या कणगीखेरीज काहीतरी दिसावं, असं तिचं म्हणणं. कुंडी मांडीवर घेऊन मी घरी आलो, तर वाटेत भेटेल तो विचारी, हे कशावरचं औषध? खायचं नाही, फुलत नाही, गुरांना चालत नाही, नुसतं शोभेचं आहे म्हटलं की माणूस झाडाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघे.

पण झाडानं काम चोख बजावलं. मुलाची आई, गौराबाई, पोह्यांना हात लावायच्या आधी कुंडीपाशी जाऊन उभी. हे कुणी सांभाळलं विचारल्यावर सुंदरानं धडधडीत सोमीचं नाव सांगितलं. बाई खूश! म्हणाल्या, "जिथं ठेवलंय तिथं गप हाय बघा. ना फूल, ना फळ, ना कुरकुर. सूनबी अशीच पायजे." आम्ही सगळे हसलो. (सोमी ट्रे घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. लाजली असेल.) पसंती तिथंच झाली. येत्या रविवारी सुपारी फोडायची, आणि जाताना बाई झाडही नेणार, म्हणजे सुनेच्या आधी ते घरात रुळेल म्हणे. आता ते उसनं आहे हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

तेव्हापासून जी दमछाक चाललीय ती विचारू नका. बैल आजारी होता तेव्हाही मी इतका खचलो नव्हतो. वरची माती सुकली की थोडंसं पाणी घालायचं, हे तुमचं सांगणं मी घरात सगळ्यांना सांगितलं आणि कुणीही ऐकलं नाही. आपण भातवाली माणसं. पायाशी चिखल नसला तरी रोप जगतं यावर आपला विश्वासच नाही. सकाळी सुंदरा पाणी घाली, दुपारी शेजारची बायजा घाली, आणि संध्याकाळी मी कुंडी वाकडी करून ते ओतून देई. पानं गळायला लागली. मग बायजा म्हणाली, दृष्ट लागली. मीठमिरच्या ओवाळून झाल्या. (माझ्या तापात माझ्यावरून कुणी मीठ सोडाच, हातसुद्धा फिरवला नव्हता.)

परवा जरा ऊन मिळावं म्हणून कुंडी अंगणात ठेवली आणि नेरळला खत आणायला गेलो. हीच माझी चूक, असं सुंदराचं मत. परत येऊन बघतो तर अंगणात धूर. आमच्या आईनं कुंडीला राब घातलेला! भाताचं बी पेरण्याआधी आपण वाफ्यावर शेण्या, पाला, गवत पसरून भाजतो ना, तसाच, अगदी रीतसर, वरून माती दाबून. म्हातारीला आता धड दिसत नाही, आणि पानं गळून उरलेला दांडा तिला दिसणार तरी कसा? मी कपाळाला हात लावला, तर मलाच म्हणते, "रिकाम्या कुंडीला राब घातला, तर तुझं काय गेलं रं?" कुंडी तडकली. झाडाचा कोळसा झाला. मी पायरीवर बसून राहिलो, जेवायलाही उठलो नाही.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
आपला,
गजानन

ता. क. – पत्र लिहायचं कारण राहूनच गेलं. वहिनींनी त्याच झाडाच्या फांद्या आणखी कुंड्यांत लावल्या होत्या असं आठवतं. तसलंच एक शनिवारपर्यंत धाडा. पोरीचं लग्न अडलंय दादा, पाया पडतो.

आणखी एक – पानं कमीजास्त असली तरी चालेल. गौराबाईंनी मोजलेली नसावीत. (बहुतेक.)

मामा, मी सोमी. पत्र पेटीत टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली लिहिते. मला त्या घरी जायचं नाही. त्या बाई बोलल्या ते ऐकलं, आपली माणसं हसली तेही ऐकलं. मी लाजले नव्हते, चुलीपुढं बसून रडत होते. आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, कुणी मनावर घेत नाही. कुंडी रिकामी आहे असं आजीला मीच सांगितलं, शेण्याही मीच आणून दिल्या. तुमच्या झाडाचं फार वाईट वाटतं. पण भाचीला बोहल्यावर मामाच उभी करतो. तुम्ही नाही म्हणालात तर बाबांना ऐकावंच लागेल. शनिवारी झाड पाठवू नका. तुम्ही या.