बेबेला न समजलेली ओळ

बेबे, तू गेलीस त्याला आता चाळीस वर्षं होत आली. हे मराठीत लिहितोय. पंजाबीची गुरुमुखी लिपी मी झरझर वाचतो, पण मनातलं लिहायला बसलो की हात मराठीकडेच वळतो. तू पंजाबातून नवरी होऊन इथं आलीस आणि मी तर इथलाच. आपण दोघं बोलायचो ती खामगावचीच बोली. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आपली शीख माणसं गावात मोजकी, बहुतेक सगळी कापसाच्या जिनिंग कारखान्यात मिस्त्री नाहीतर फिटर. तुझा नवराही फिटरच होता. तो तापाने गेला, पण तू माहेरी परतली नाहीस. कारखान्यात बायकांच्या रांगेत बसून पिवळा पडलेला कापूस निवडू लागलीस. संध्याकाळी केसांत, भुवयांत कापूस घेऊन घरी यायचीस, हातपाय धुवायचीस आणि पोथी उघडायचीस. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, कारखान्यात नवा लागलेलो. आमच्या घरात वडील होते तेव्हाही पोथी वाचणारं कुणी नव्हतं. आईने मला तुझ्याकडे पाठवलं. तुला सगळे बेबेच म्हणायचे, पंजाबीत आईला म्हणतात तसं.

तुझी ती चुलीपाशी बसायची जागा मला अजून दिसते. तू भाकरी थापते आहेस, मी पाटावर बसलोय, समोर रेहालीवर, त्या घडीच्या लाकडी ठवणीवर, तुझ्या सासऱ्यांच्या हातची जुनी पोथी. तिच्यात शब्द सुटे नव्हतेच. आपल्या दुकानदारांच्या मोडीसारखी सगळी ओळ एकसलग, एका शब्दाला दुसरा चिकटलेला. कुठं तोडायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं. मी वैतागून म्हणालो, "बेबे, हे कसं कळाचं?" तू पिठाच्या बोटाने जमिनीवर लिहिलंस, 'तीनखाते'. आणि विचारलंस, "वाच. बाई तीन खाते, का ती न खाते? मले भाकरी किती लावाच्या?" मी हसलो. तू हसली नाहीस. "हसू नको बापा. आधी थे बाई कोन हाय, उपाशी हाय का जेवलेली, हे पाह्य. मागची ओळ पाह्य, फुडची पाह्य. मंगच तोड."

तीन वर्षं मी तुझ्याकडे शिकलो. नुसतं वाचणारा तो पाठी, आणि वाचलेल्याचा अर्थ उलगडून सांगणारा तो ज्ञानी, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. तू अर्थ सांगायचीस तो शेजारच्या बायकांना. कल्हईवाल्या चाचाची बायको यायची, कारखान्यातल्या दोघीतिघी यायच्या. गुरूंची बाणी तू त्यांना वऱ्हाडीत सांगायचीस, कापूस निवडल्यासारखी, हा धागा इकडे, हा तिकडे. पण एक ओळ आली की थांबायचीस. दरवेळी त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणायचीस, "इथं मले समजत नाही. दोन जाग्यावर तोडून पाह्यलं, दोन्ही बसत नाही." आणि पुढे जायचीस. मला ते आवडायचं नाही. मला वाटायचं, एवढ्या बायकांसमोर काऊन सांगावं?

मग तो रविवार आला. पंजाबातले एक मोठे ज्ञानीजी नांदेडला जाताना दोन दिवस खामगावात थांबले. कारखान्याच्या आवारात टिनाच्या शेडमध्ये संगत, म्हणजे आपली सगळी भाविक मंडळी, जमली. शेडच्या कडेला लंगरचा स्वयंपाक चालला होता आणि तू परातीत कणीक मळत होतीस. ज्ञानीजींनी मला पोथीचा पाठ वाचायला लावला. तुझीच पोथी मी उघडली होती. मी न अडखळता वाचत गेलो. ते खुश झाले. अर्थ विचारत गेले, मी सांगत गेलो, अर्थ सगळे तुझे, फक्त वऱ्हाडी काढून टाकून शुद्ध हिंदीत घातलेले. आणि मग नेमकी ती ओळ आली.

माझ्या तोंडातून 'समजत नाही' निघालं नाही. मी ती अक्षरं मध्येच तोडली आणि त्यातून दिव्याचा अर्थ काढला. तेल म्हणजे श्वास, वात म्हणजे आयुष्य, असं काहीसं. बोलता बोलता सुचत गेलं. संगत माना डोलवू लागली. ज्ञानीजी म्हणाले, "हा अर्थ मी कधी ऐकला नव्हता. कोणापाशी शिकलास?"

तू दहा हातांवर होतीस. तुझे हात कणकेत थांबले होते. अंगावर तेच रोजचं विटकं लुगडं. माझ्या डोळ्यांसमोर आलं की मी आता कापूस निवडणाऱ्या एका बाईकडे बोट दाखवणार, आणि ती उठून 'हाव जी, मीच शिकवलं' म्हणणार. मी म्हणालो, "वडिलांपाशी." वडिलांना गुरुमुखी अक्षरं लावून वाचताही येत नव्हतं, हे शेडमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. ज्ञानीजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला सोबत चल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्याकडे आलो तो मान खाली घालून. तू रागावशील, रडशील, असं मी धरून चाललो होतो. तू चहा दिलास आणि म्हणालीस, "माह्यं नाव नाही घेतलं, जाऊ दे. नावानं काय होते. पन त्या ओळीचा अर्थ तुले कवा समजला रे?"

"सुचला तिथंच."

"सुचला? म्हंजे समजला नाही."

"लोकायले आवडला, बेबे."

तू कप खाली ठेवलास. "लोकायले आवडला म्हनूनच भेव वाटते. माह्या न समजण्यानं कोनाचं नुकसान नव्हतं. तुह्या समजण्यानं होईन. तुले मी सारं शिकवलं, मले समजत नाही म्हनाचं तेवढं शिकवलं नाही. माहीच चूक झाली." माझी चूक तू अशी स्वतःकडे घेतलीस आणि मला त्यातही सुटल्यासारखंच वाटलं. दुपारच्या गाडीने मी ज्ञानीजींसोबत गेलो.

पुढे जबलपूरला माझं बस्तान बसलं. लोक मला ज्ञानीजी म्हणू लागले. त्या ओळीवरची दिव्याची कथा, म्हणजे निरूपण, तर सगळीकडून मागितली जायची. एकदा कल्हईवाल्या चाचाने कुणाकडून तरी पोस्टकार्ड लिहवून घेतलं. 'बेबे लई बिमार हाय. तुमची याद करते. येऊन जा.' त्या आठवड्यात माझी एका मोठ्या घरी कथा ठरली होती. मी ती आटोपून निघालो. खामगावला उतरलो तेव्हा तुला जाऊन चार दिवस झाले होते. खोलीला कुलूप होतं. चाचाने आपल्या घरातून कापडात बांधलेली पोथी आणून माझ्या हातात दिली. म्हणाला, "बेबेनं सांगतलं, पोथी त्यालेच द्याची. अन् या ओळीवर बोट ठेवून सांगाचं, मले अजून नाही समजली." त्याला गुरुमुखी येत नव्हती. तरी त्याने पान बरोबर उघडलं, बोट बरोबर ठेवलं. तू त्याच्याकडून ते घोकवून घेतलं असशील, अंगात ताप असताना.

तेवढ्यानेही मी बदललो नाही, बेबे. परत गेलो आणि दिव्याची कथा सांगत राहिलो. जवळजवळ चाळीस वर्षं. माझ्याकडे शिकलेले ती दुसरीकडे सांगू लागले, त्यांच्याकडे शिकलेले आणखी पुढे. गेल्या महिन्यात बाहेरगावचा एक तरुण आमच्या गुरुद्वाऱ्यात कथा करायला आला. त्याने तीच ओळ घेतली, तिथंच तोडली, तेल, वात, सगळं आलं. वर म्हणाला, हा फार जुन्या काळापासून चालत आलेला अर्थ आहे. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. आणि मला शेडमधली ती कणीक दिसली.

या रविवारी मी संगतीपुढे उभा राहिलो. म्हटलं, हा अर्थ जुना नाही. तो मी रचला, लाज वाटली म्हणून. या ओळीचा अर्थ मला माहीत नाही, आणि जिने मला वाचायला शिकवलं तिलाही माहीत नव्हता, पण ती तसं सांगायची. आपल्यात ज्ञानी एकच होती आणि ती खामगावला कापूस निवडायची. एवढं बोलून मी खाली बसलो. वाटलं, इतक्या वर्षांनी निदान एवढं तरी झालं.

पुढच्या रांगेत कॉलेजात जाणारी एक मुलगी वहीत लिहून घेत होती. तिने मान वर करून साधंच विचारलं, "ज्ञानीजी, त्यांचं नाव काय होतं?"

मी 'बेबे' म्हणालो आणि तिने वहीत तेवढंच लिहिलं. हे पत्र पोथीतच ठेवून देणार आहे, कारण पाकिटावर काय लिहू? तीन वर्षं तुझ्या चुलीपाशी बसलो, तुझ्या हातचं जेवलो. तुझं नाव मी कधी विचारलंच नाही.