तिसऱ्या कोअरवरचा प्रोग्रॅम

मंगळवार, संध्याकाळ

उद्याची रजा गेली. कारखान्यात वजनकाट्याचा कॉम्प्युटर अडकला, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. लिनक्सवर प्रोसेसरचा एकेक कोअर, म्हणजे स्वतंत्र काम करणारा भाग, तपासला. बाकीचे रिकामे, तिसरा शंभर टक्क्यांवर! जुन्या अहवालाचा प्रोग्रॅम तिथं सकाळपासून गरगरत होता आणि काट्याचा प्रोग्रॅमही त्याच कोअरवर चालेल असा बांधलेला. अहवालाचा बंद केला, काटा लगेच चालू झाला.

साहेब खूश. "ताई, तुमच्याशिवाय हे कुणाला जमतंय? उद्या रजा नका घेऊ."

मी "बरं" म्हणाले. का म्हणाले? तो तिसरा कोअर मला दिसलाच नसता, तर साहेबांनी मला उद्यासाठी थांबवलं असतं का?

उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. फोनवर तिला सांगितलं, तर म्हणाली, "व्हय, जा तू कामाला. मी एकटी जाते दवाखान्यात."

डोळ्यावर पट्टी बांधल्यावर परत कशी येशील, हे मी विचारलंच नाही.