नारळ न ठेवता जाणं

बाई, तो शब्द तुम्ही मुद्दाम निवडला होता की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही होतात तोवर विचारलं नाही, कारण तुम्ही खरं उत्तर दिलं असतंत आणि मला ते खरं वाटलं नसतं. मी आता जिल्हा कोर्टात इंग्रजी कागदांचं मराठी करते. दिवसभर लोकांची म्हणणी वाचायची आणि कोण काय लपवतंय याचा अंदाज बांधायचा, ही खोड मला तिथे लागली असं सगळे समजतात. खरं तर ती तुमच्या वर्गात लागली. मासेवालीने बांगडा ताजा म्हटलं की मी अजून कल्ले उघडून बघते, आणि कल्ले लाल असले तरी ते कशाने लाल झाले असतील असं माझ्या मनात येतंच.

तुमची पद्धत गावात सगळ्यांना विचित्र वाटायची. रोज सकाळी फळ्यावर एक इंग्रजी क्रियापद, तेही पुस्तकात कधी न येणारं. प्रत्येकाने त्याचं एक वाक्य करायचं आणि वाक्यातली गोष्ट स्वतः पाहिलेली हवी. व्याकरण चुकलं तर तुम्ही हसून दुरुस्त करायचात, पण गोष्ट खोटी निघाली तर वाक्य चूक. बरं, तुम्ही नुसतं म्हणून सोडत नव्हतात, जाऊन तपासायचात. प्लॅकेट म्हणजे रागावलेल्याला शांत करणं. त्या शब्दावर वर्गातल्या एकाने वाक्य केलं, की माझ्या आजीने रुसलेल्या आत्येला सोलकढी देऊन शांत केलं. संध्याकाळी घरी जाता जाता तुम्ही त्याच्या दारात उभ्या. आजी म्हणाली, "खंयची शांत होता ती! ताट सारून गेली." दुसऱ्या दिवशी वाक्यावर काट. आत्या शांत झालीच नाही, तर तो शब्द तिथे बसतोच कसा, असं तुमचं म्हणणं. आम्ही तुम्हाला मागून फौजदार म्हणायचो. तुम्हाला ते माहीत होतं असा माझा संशय आहे.

माझे बाबा बोटीवर नोकरीला होते हे तुम्हाला ठाऊक होतं. आपल्याकडे इतक्या घरांतले पुरुष बोटीवर असतात, की दारात नसलेल्या कुठल्याही पुरुषाबद्दल विचारलं तर उत्तर एकच येतं, "बोटीर." ऐकणारा पुढे विचारत नाही. नवरा दुसरीकडे राहायला गेलेला असो, नाहीतर भावाशी भांडून गाव सोडून गेलेला असो, तो बोटीर. मी नववीत असताना एका सकाळी बाबा घरात नव्हते आणि आई म्हणाली, "बोटीर गेले, घाईत बोलावणा इला." मी मान डोलावली. शेजाऱ्यांना मीही तेच सांगितलं.

त्यानंतर आठवडासुद्धा गेला नसेल, आणि तुम्ही फळ्यावर लिहिता, ॲब्स्काँड. वर्गाकडे पाठ करून तुम्ही सांगत असता, की जो सांगून जातो त्याला हा शब्द लागत नाही. माणूस गुपचूप जातो आणि त्याच्याऐवजी उत्तरं द्यायला मागे कुणीतरी उरतं, तेव्हाच हा शब्द. पुढच्या बाकावरचा उठतो आणि सांगतो, मांजर बांगडा घेऊन ॲब्स्काँड झालं. वर्ग हसतो. तुम्ही विचारता, "मांजराला कोण जाब विचारतं?" मग माझी पाळी येते. मी घरूनच एक सुरक्षित वाक्य जुळवून आणल्यासारखं पटकन म्हणते, की एक कारकून कचेरीतून ॲब्स्काँड झाला. तुम्ही माझ्याकडे बघता. वर्गात तुम्ही कधी मालवणी बोलत नाही, शुद्ध मराठी आणि इंग्रजी, बस्स. त्या दिवशी मात्र म्हणता, "खंयचो कारकून गो? उद्या दुसरा वाक्य आण. घरातला आण."

घरातला. बाई, तो शब्द माझ्या कानातून गेला नाही. वाटेत मला तुमचा इतका राग आला होता, की तुमची शाळा, तुमचा फळा, सगळं समुद्रात जावं असं वाटत होतं. घरी गेले तर आई चुलीशी भातातली पेज वेळून काढत होती. मी देवासमोर जाऊन उभी राहिले, आणि तेव्हा मला आठवलं की बाबा गेले त्या सकाळी तिथे काहीच नव्हतं. बाबा बोटीवर जायला निघाले की देवापुढे नारळ ठेवायचा, शेजारचे काका येऊन गाऱ्हाणं घालायचे, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू परमुलखाक चल्लाहा, तेची राखण कर," आणि आम्ही सगळे मागून "होय म्हाराजा" म्हणायचो. घाईचं बोलावणं आलं तरी एवढं व्हायचंच. या वेळी नारळ नाही, काका नाहीत, कुणी होय म्हणालं नाही. पलंगाखाली बघितलं तर त्यांची लोखंडी ट्रंकही तिथेच होती. मी तुमचा शब्द बाबांवर ठेवून बघितला आणि तो बसला. मी रडले नाही. मला फक्त खूप भीती वाटली, आई मागे वळून बघेल याची.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधी मी तुम्हाला व्हरांड्यात गाठलं आणि हळू आवाजात माझं वाक्य म्हटलं. माय फादर ॲब्स्काँडेड, नोबडी केप्ट अ कोकोनट. तुम्ही "करेक्ट" म्हणालात आणि खडू घेऊन वर्गात गेलात. पाठीवर हात नाही, काही नाही. आणि त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात तपासायला आला नाहीत. माझा संशय तिथेच पक्का झाला. जी बाई सोलकढीची चौकशी करते, ती एवढी मोठी गोष्ट न तपासता बरोबर कशी म्हणेल? म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. गावात कुठेतरी ऐकलंत, आणि एका पोरीच्या तोंडून वदवून घ्यायची मजा घेतलीत. पुढे बाहेरून कळलं की बाबांचं गोव्यात दुसरं बिऱ्हाड होतं. तेव्हाही मला त्यांच्यापेक्षा तुमचाच राग जास्त आला. तुम्ही वारलात तेव्हा मी तुमच्या घरी भेटायला आले, सगळ्यांच्या मागे बसले आणि तुमच्या भिंतीवरच्या फोटोकडेसुद्धा संशयानेच बघत होते.

या वर्षी माझी मुलगी नोकरीसाठी पुण्याला निघाली. देवापुढे नारळ ठेवला, शेजारून गाऱ्हाणं घालायला माणूस आला, आम्ही होय म्हाराजा म्हटलं. गाडी गेल्यावर आई तोच नारळ फोडून विळीवर खोबरं खवायला बसली. आता ती थकली आहे, एकच गोष्ट दोनदा सांगते. खवता खवता म्हणाली, "तुज्या बापाशीच्या वेळाक नारळ ठेवूक नाय. बाईन माका ह्याच इचारल्यान."

मी विचारलं, "खंयची बाई?"

"तुजी इंग्रजीची. शाळेच्या भायर मी तिका गाठलंय. म्हटलंय, माज्या तोंडातसून येणा नाय, तुमीच चेडवाक सांगा. तर म्हणाली, मी सांगूचंय नाय. तिका शब्द देतंय, तिचा ती बघीत."

माझा विश्वास बसला नाही. कोर्टात करतात तशी मी तिची उलटतपासणी घेतली. कधी, कुठे, आणखी कोण होतं. म्हातारी माणसं मागाहून गोष्टी जुळवतात. पण ती म्हणाली, "दोन दिसांनी बाजारात गावली. मी इचारलंय, सांगल्यात? तर म्हणाली, तिनाच सांगल्यान. मगे नारळाचा इचारल्यान." मी व्हरांड्यात सांगितलं हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळणं शक्य नव्हतं. म्हणजे तुम्ही तपासलं होतंत, बाई, फक्त माझ्या मागे. शब्दही मुद्दामच निवडला होतात. माझा संशय खरा निघाला आणि राग सगळा फुकट गेला. तुम्हाला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तरी आई आणि मी इतकी वर्षं एकमेकींना बोटीर, बोटीर म्हणत राहिलो.

मग आई म्हणाली, "तुजा ता वाक्य काय होता गो? बाईन माका सांगूक नाय. म्हणाली, ता तिचा आसा."

मी ते इंग्रजीत म्हटलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"म्हणजे काय?"

हा शब्द माझ्या टेबलावर सारखा येतो. फरार, असं मी हात न थांबवता लिहिते. आईने खोबरं खवायचं थांबवलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे," मी म्हटलं, "बाबा बोटीर गेले."

"होय," ती म्हणाली, आणि पुन्हा विळीवर वाकली.

तुम्ही असतात तर संध्याकाळी दारात येऊन या वाक्यावर काट मारली असतीत, म्हणून हे पत्र मी कुठेच ठेवणार नाही, तुमच्या फोटोमागेही नाही. आई रोज बातम्या बघते, आणि पळालेल्या माणसांना तिथे ॲब्स्काँडही म्हणतात. तिने त्या शब्दाचा अर्थ न कळून विचारला नव्हता, आपल्या बोलीत एकदा माझ्या तोंडून ऐकावं म्हणून विचारला होता, असा मला संशय आहे. उत्तर मला येत होतं, बाई.