चौथ्या वळणावरचा पिवळा झेंडा

तीर्थस्वरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण आमच्या दिवाणखान्यात आडवं व्हायला जेवढी जागा होती तिथे सध्या इंजिन ठेवलंय, तेव्हा हा उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या यजमानांचा खोकला? गुडघ्याची चौकशी मी रीत म्हणून करत नाहीये. तुमचे भाऊ घरातून निघताना 'ताईच्या गुडघ्याकडे बघायला हवं' एवढं एकच वाक्य बोलले आणि पिशवी घेऊन गेले, त्याला आता आठवडा होत आला. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला गुडघ्यातलं काय कळतं, हे तुम्ही त्यांना विचारलंत की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसता आणि समोर हे असणार, म्हणून पत्र. ते त्यांच्या हाती पडू देऊ नका. आणि त्यांना परत पाठवा असं सांगायला मी लिहीत नाहीये, हेही आधीच स्पष्ट करते. घर शांत आहे. मला शांतता आवडते.

आता तुमच्यापर्यंत जे पोचलं असेल ते एवढंच असेल की बायकोने भर मैदानात नवऱ्याची अब्रू घालवली. बाजू मांडायची तर मुळापासून मांडायला हवी. आमचं लग्न ठरवताना तुम्ही माझ्या आईला सांगितलं होतंत, मुलगा निर्व्यसनी आहे. ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण वन्सं, दारू पिणारा माणूस निदान बाटली कपाटात लपवतो. हे मोटरसायकलची साखळी माझ्या दुधाच्या पातेल्यात ग्रीस घालून उकळतात आणि वर मला हाक मारतात, बघ किती छान सुटली. शर्यतीची गाडी हलकी हवी म्हणून मध्यंतरी त्यांनी तिच्या प्रत्येक भागाला ड्रिलने भोकं पाडायला घेतली. ब्रेकच्या पेडलला भोकं, स्टँडला भोकं, कुठल्याशा पट्टीला भोकं (हात बसावा म्हणून आधी माझ्या उलथन्याला भोकं). सगळा चुरा गोळा करून वजन केलं तर एका मध्यम बटाट्याएवढं भरलं. पोटाचा विषय मी काढला, तेव्हा म्हणाले, स्वाराचं वजन मोजत नसतात.

तो कातडी सूटही तुम्ही पाहिलेला नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मापाचा आहे. शर्यतीच्या सकाळी आधी अंगभर पावडर, मग हे श्वास सोडून भिंतीला धरून उभे राहतात आणि मी पाठीत गुडघा रोवून चेन वर ओढते. चेन बसली की हे बोलू शकतात, पण वाकू शकत नाहीत, त्यामुळे बूटही मीच घालायचे. शर्यत नसलेल्या रविवारी मित्रमंडळी जमतात. पाच कर्तीसवरती माणसं अंगणातल्या एका बंद गाडीभोवती चहाचे कप धरून मुक्याने उभी राहतात. बऱ्याच वेळाने एकजण म्हणतो, 'टायमिंग.' बाकीचे माना डोलावतात. मग कप माझ्याकडे येतात आणि हात पडद्याला पुसले जातात.

या पाचांत त्यांचा जिवलग म्हणजे दातांचे डॉक्टर. दोघांनी हेल्मेटच्या आत बोलायची यंत्रं बसवून घेतलीयेत, त्यामुळे रविवारी भटकायला निघाले की एक पुढे एक मागे राहून जाता-येता अखंड गप्पा चालतात (घरी माझ्याशी बोलायचं तर आधी टीव्ही बंद करावा लागतो). शर्यतीत पहिलं कोण येतं याच्याशी दोघांनाही देणंघेणं नसतं. त्यांची खरी शर्यत असते ती शेवटून दुसरा कोण, याची. आजवर कप म्हणून दोघांच्याही हाती जे लागलंय ते चहाचेच. आणि एवढ्या वर्षांत प्रत्येक शर्यतीच्या आधी हे मला विचारतात, एकदा येशील का बघायला? मी प्रत्येक वेळी म्हणते, मोठी माणसं गोल गोल फिरताना बघण्यात मी रविवार घालवणार नाही. मग हे बरं म्हणतात आणि पुन्हा पुढच्या वेळी विचारतात.

या खेपेला झालं असं की शर्यतीच्या आदल्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरींचा मलाच फोन आला. झेंडे दाखवायला माणसं कमी पडतायत, तुम्ही कॉलेजच्या परीक्षा विभागात आहात, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही असं ऐकलंय, याल का? (सुटत नाही हे खरंच. तुमच्या धाकट्याला कॉपी करताना मी पकडलं, ते तुम्ही अजून मनात ठेवलंयत हे मला माहीत आहे. पण त्याच्या बाहीत आख्खं तिसरं प्रकरण होतं, वन्सं.) मी हो म्हटलं आणि यांना सांगितलं नाही. यांना वाटलं मी आईकडे चाललेय. म्हटलं, अचानक दिसेन, चकित होतील. माझ्या मनात एवढंच होतं, हे तुम्ही लक्षात घ्या.

शर्यत असते गावाबाहेरच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर. जुने टायर रचून वळणं केलेली असतात, आणि माझ्या वाट्याला चौथं वळण आलं. सेक्रेटरींनी मला काम समजावलं. पुढे कोणी पडलं की पिवळा झेंडा जोरजोरात हलवायचा. पिवळा दिसला की वेग कमी करायचा आणि कोणीही कोणाला ओलांडायचं नाही. झेंडा पाहिला हे कळवायला स्वार हात वर करतो. तरीही कोणी ओलांडलं तर त्याचा नंबर लिहून द्यायचा, तो बाद. इतके सोपे नियम आमच्या परीक्षा विभागातही नाहीत. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

त्या दिवशी यांचं नशीबही उघडलं होतं. दोन स्पर्धकांच्या गाड्या सुरूच झाल्या नाहीत, आणखी दोघे पहिल्याच वळणावर एकमेकांत अडकून भांडत बसले, आणि ज्यांची सर्वांना धास्ती असते त्यांचं पेट्रोल संपलं. शेवटची फेरी आली तेव्हा डॉक्टर तिसरे होते आणि हे त्यांच्या अगदी पाठीला लागून चौथे. तेवढ्यात एक फेरी मागे असलेले बेकरीवाले गृहस्थ माझ्या वळणावर घसरले. त्यांना काही लागलं नाही, ते उठून गवतात आपला बूट शोधायला लागले, पण गाडी रस्त्यात आडवी. मी झेंडा घेतला आणि दोन्ही हातांनी हलवला. डॉक्टरांनी वेग कमी केला. आणि वन्सं, तुमच्या भावाने माझ्याकडे बघितलं, हात वर केला, चांगला उंच केला, आणि गाडी भरधाव सोडून डॉक्टरांना ओलांडून निघून गेले.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? झेंडा दिसला नसता तर एक वेळ समजू शकले असते. पण हात करून, म्हणजे दिसलाय असं सांगून, वर ओलांडायचं? बायको उभी आहे, बायको काय करणार आहे, असा अर्थ झाला ना? माझा असा संताप झाला की कागदावर पेन टेकवलं ते फाटेपर्यंत लिहिलं. झेंडा पाहिला, हाताने तसं कळवलं, तरीही ओलांडलं. नंबर, सही. बेकरीवाल्यांनी एक बूट घालून साक्षीदार म्हणून सही केली.

तिकडे बक्षिसं सुरू झाली होती. क्रेट उलटे ठेवून त्यावर तिघांना उभं करतात. हे तिसऱ्या क्रेटवर उभे होते, हातात कप, तोंडभर हसू. लग्नातल्या फोटोतही ते असे हसलेले नाहीत. आणि सेक्रेटरींनी भोंग्यावर माझा कागद वाचायला घेतला. खाली माझं नाव वाचल्यावर थोडं हसू पिकलं. यांनी मला गर्दीत शोधलं, बघितलं, आणि क्रेटवरून उतरून कप स्वतःच्या हाताने डॉक्टरांना दिला. भांडले नाहीत, तक्रार केली नाही. डॉक्टरही खाली मान घालून उभे होते. घरी येताना टेम्पोत आम्ही दोघं आणि मध्ये गाडी. मी म्हटलं, बोला ना काहीतरी, तुमची बाजू सांगा. म्हणाले, 'नियम तो नियम. तू बरोबर केलंस.' यावर माणसाने भांडायचं तरी कसं? दुसऱ्या दिवशी तुमचा गुडघा निघाला.

तर अशी हकीकत आहे. मी चुकले असं मला वाटत नाही, आणि उद्या पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच लिहून देईन. त्यांना हवं तितके दिवस राहू दे. दुकान मी संध्याकाळी उघडते. लोक येऊन पाटीवरची अक्षरं वाचतात, मी बरोबर की चूक ते सांगते, सगळं सुरळीत चाललंय.

थोरांना नमस्कार, गुडघ्याला शेक, आणि जो कोणी तिथे बसून आयतं जेवतोय त्याला काहीच नाही.

तुमची,
भावजय

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले. हातात तो कप. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडा म्हणणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड उघडायला मला दोन वेळा चहा करावा लागला. हेल्मेटमधली ती यंत्रं शर्यतीत चालू ठेवायला बंदी आहे, आणि त्या दिवशी दोघांनीही ती नेहमीच्या सवयीने चालूच ठेवली होती. म्हणून यांचा शब्दन् शब्द डॉक्टरांना ऐकू आला. झेंडा-बिंडा यांना दिसलाच नव्हता. 'डॉक्टर, ती आलीय हो. ती बघा वळणावर. मला हात करतेय.' एवढं ओरडून यांनी मला हात केला आणि गाडी सोडली. डॉक्टर थांबा थांबा म्हणत राहिले. पुढे खरं काय ते सांगायचं तर यंत्राचंही सांगावं लागलं असतं आणि डॉक्टरही बाद झाले असते, म्हणून हे गप्प बसले. डॉक्टरही गप्प बसले आणि तेवढ्यासाठी त्यांना आठवडाभर झोप नाही. मी त्यांना बसायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. शांतता आवडते असं वर लिहिलंय ते खरं म्हणजे खोडायला हवं, पण पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही.

ता. ता. क. एक बारीकशी गोष्ट वर लिहायची राहून गेली. झेंडा धरणाऱ्याने (त्याला मार्शल म्हणतात) नारिंगी जॅकेट घालायचं असतं. मला सेक्रेटरींनी ते दिलंही होतं, सोबत नियमपुस्तकही. पण यांना आवडतो तो निळा ड्रेस मी मुद्दाम घालून गेले होते आणि तो झाकायचं जिवावर आलं, म्हणून जॅकेट घडी करून टायरांवर ठेवून दिलं. आज नियमपुस्तक नीट वाचलं (मार्शलच्या कपड्यांचं पान मी तेव्हा न वाचताच उलटलं होतं). जॅकेट नसलेला मार्शल हा नुसता प्रेक्षक धरतात, आणि प्रेक्षकाने काहीही हलवलं तरी ते स्वाराला लागू नाही. तेव्हा मी आत्ताच माझ्याविरुद्ध रीतसर तक्रार लिहून सेक्रेटरींकडे पाठवली. त्यांचा फोनही येऊन गेला. यांचा तिसरा नंबर परत मिळाला, डॉक्टरांनी कप इथेच ठेवला, यंत्राचा विषय कोणी काढणार नाही, आणि मला वर्षभर झेंड्याला हात लावायला बंदी आहे. तुमच्या धाकट्याला हे आवर्जून सांगा, त्याला बरं वाटेल.

ता. ता. ता. क. हे पत्र त्यांना दाखवलंत तरी चालेल (तुम्ही आधीच दाखवलं असणार). त्यांना पाठवून द्या, वन्सं. मला करमत नाही. येत्या रविवारी पुन्हा शर्यत आहे, त्यांचं नाव मी देऊन आलेय. त्यांना सांगा, चौथ्या वळणावर मी असेन, मोकळ्या हातांनी, आणि मी हात हलवला तर तो त्यांनाच असेल. फक्त माझ्या शेजारी दुसरं कोणी पिवळं काही हलवत असेल, तर आधी ब्रेक दाबायचा आणि मग माझ्याकडे बघायचं.