पाचवी गाळणी

४ मार्च, सोमवार. कूबर पीडी, ऑस्ट्रेलिया

शास्त्रात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत: वस्तू होण्यापूर्वीचा, ती नष्ट झाल्यानंतरचा, एक वस्तू दुसरी नसण्याचा आणि जे कधी नव्हतं, नाही, नसेल त्याचा. हे ज्ञान जिच्यापर्यंत पोचलेलं नाही अशी एक कंपनी आहे, आणि तिच्याविरुद्धची तक्रार मी या नव्या वहीच्या पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो. आवाज साफ करायचा तिचा प्रोग्राम मला रोज विचारतो, नवी आवृत्ती आली आहे, घेता का? उत्तरं दोनच. 'आत्ता' आणि 'नंतर'. 'कधीच नाही' याची सोय नाही. हा चौथा, अत्यंताभाव, कंपनीच्या गावी नाही.

बाकी सगळं झकास आहे. ॲडलेडहून येताना बसनं पाठ मोडली, पण स्टँडवर मिलित्सा स्वतः गाडी घेऊन उभी होती. साठीची सर्बियन बाई, बोलणं ठसक्याचं. फणसळकर हे नाव तिनं दोनदा तोंडात घोळवलं आणि थुंकून टाकल्यासारखं सोडून दिलं. 'फॅन्सी' म्हटलं तर चालेल का, म्हणाली. तीस वर्षं या देशात काढलेल्या माणसाला काहीही चालतं.

माझी खोली टेकडीच्या पोटात कोरलेली आहे. बाहेर भट्टी, आत माठातल्यासारखा गारवा. आणि शांतता अशी की आपलंच रक्त ऐकू यावं. आयुष्य रेडिओवर बातमीदारी करण्यात आणि मग इतरांचे आवाज साफ करण्यात गेलेल्या माणसाला आणखी काय हवं?

गावाबाहेर पाटी आहे: उघडी विवरं आहेत, पळू नका, मागे चालू नका. ओपल या रत्नासाठी खणलेली ही भोकं कोणी बुजवत नाही. फोटो काढताना चार पावलं मागे सरकणारा पाहुणा थेट खाली जातो. इथली पोरं म्हणे चालायला शिकतात तीच वळायला शिकून.

६ मार्च, बुधवार

काम असं. मिलित्साचा नवरा रांको खाणीत काम करताना खिशातल्या रेकॉर्डरवर बडबडायचा. ती बडबड निवडून, साफ करून, पाहुण्यांना कानाला लावून तिची खाण फिरता येईल असं काहीतरी करायचं आहे. मधली माहिती इंग्रजीत मी सांगायची. तो सगळं सर्बियनमध्ये बोलला आहे. मिलित्सा शेजारी बसून अर्थ सांगते आणि मधूनच नवऱ्याला खोटारडा म्हणते.

साफ करायला माझा जुना जोड-प्रोग्राम आहे, लोक त्याला प्लगिन म्हणतात. कंपनीनं त्याला चकचकीत नाव दिलंय. मी गाळणी म्हणतो. चौथी आवृत्ती. सांगितलं तेवढंच करते, तोंड वर करून बोलत नाही.

शेवटची ध्वनिफीत मात्र तिच्यानं होत नाही. खाणीतली माती शोषून वर फेकणारा ट्रक असतो, ब्लोअर. त्याच्या घरघरीत रांकोचा आवाज बुडालाय. त्याच दिवशी तो विवरात पडून गेला. मागे पाऊल टाकून पडला, असं धुळीतल्या ठशांवरून दिसलं. मिलित्सा म्हणाली, "सगळा जन्म खाणीत गेलेला माणूस मागे पाऊल टाकेल का रे? तू टाकशील उद्या, तुझं ठीक आहे."

तिला फक्त ही शेवटची फीत ऐकायचीय. बाकी पाहुणे वगैरे सगळं निमित्त आहे, हे मला आज कळलं.

११ मार्च, सोमवार

पाचवी घ्यावी का?

आमच्या धंद्यात नियम आहे: काम अर्धं असताना नवी आवृत्ती टाकायची नाही. पाचवीत उघडून साठवलेलं काम चौथीत परत उघडत नाही. कंपनी याला प्रगती म्हणते. मी याला दार लावून किल्ली गिळणं म्हणतो. शिवाय पाचवी विचारत नाही, स्वतःच ठरवते, आवाज कोणता आणि गोंगाट कोणता. ठरवणारी ही कोण? हा अधिकार तिला कोणी दिला? मला रात्रंदिवस 'आत्ता की नंतर' विचारणाऱ्या निर्लज्ज यंत्राला?

मिलित्साला नियम समजावला तर ती एवढंच म्हणाली की कशासाठी आलास तेच विसरलास, असला तू. थिओ, तिचा शेजारी, ग्रीक, ब्लोअर चालवतो, तो जेवायला आला होता. म्हणाला, "गड्या, नवीन ड्रिल आणलं की जुनं फेकू नये. पण एकदा आणलं की मात्र तेच चालवतात." मटणाची हाडं चोखत माझं भविष्य सांगत होता.

१२ मार्च, मंगळवार

घेतली.

घरघर गेली. नुसती कमी झाली नाही, कधी नव्हतीच अशी गेली. आणि रांको माझ्या कानाशी बोलला, श्वासासकट. मिलित्सानं दोन्ही हात तोंडावर धरले. तो काय म्हणतोय ते तिनं उशिरा सांगितलं. तो कोणाला तरी विचारतोय: "अजून मागे? बरं."

कोणाला? तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्या दिवशी ब्लोअर थिओचाच होता, पण तो ट्रकपाशी, पार लांब. तो शपथेवर सांगतो आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

१४ मार्च, गुरुवार

मिलित्साचे कान ड्रिलनं गेलेत. पाचवीत एक सोय आहे: फोनवर टाकायची, कानांवर हेडफोन, की समोरचा माणूस गोंगाटातून निवडून ऐकू येतो. मी ती तिला लावून दिली. क्लबात तिनं थिओचे विनोद पहिल्यांदा नीट ऐकले आणि सांगितलं की बहिरी होते तेच बरं होतं. सगळे हसले. मीही. कंपनीवरचा राग जरा निवला, याची नोंद नाइलाजानं करतो.

१६ मार्च, शनिवार

माझं निवेदन ध्वनिमुद्रित केलं. पाचवीतून काढलं. कोरं. पाच वेळा केलं. माझा आवाज गोंगाट ठरलाय. खोकला नाही, खुर्चीची करकर नाही: मी.

कंपनीला पत्र लिहिलं, असं पत्र की वाचणाऱ्याची सात पिढ्यांची कर्णेंद्रियं जळावीत.

आणि दुसरं. रांकोची फीत संपते तिथे संपत नाही. काल होती त्याहून लांब आहे. तो आता कोणाला विचारत नाही. सांगतोय. मिलित्सा अर्थ सांगत नाही. ऐकते आणि गालातल्या गालात हसते. काय म्हणतोय, असं मी विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आमचं आमच्यात आहे.

१८ मार्च, सोमवार

कंपनीचं उत्तर आलं. माझ्या भावना ते समजतात. पाचवी आवृत्ती माणसाचा आवाज कधीच काढत नाही, फक्त गोंगाट काढते. आणखी काही मदत हवी का?

चौथी परत टाकली. उघडत नाही. पाचवी माझ्या संगणकावरून काढून टाकली. काढली तरी फीत वाजतेच.

मिलित्साच्या हेडफोनमध्ये मी आता मुळीच नाही. जेवताना तिच्यासमोर बसून बोलत होतो. ताटातून मान वर न करता तिनं थिओला विचारलं, फॅन्सी आज कुठे गेलाय? थिओला वाटलं ती चेष्टा करतेय. तो म्हणाला, गेला असेल तुझ्या स्वयंपाकाला घाबरून.

मी ते हेडफोन तिच्या कानांवरून ओढायला गेलो. तिनं माझा हात असा धरला की

खाणीत काम केलेला हात आहे तो.

१९ मार्च, मंगळवार

तिच्या दारावर थापा मारतोय. तिला थाप ऐकू येत नाही. आतून तिचा आवाज येतो — मधे थांबून, उत्तर ऐकून, पुन्हा. एक शब्द आता मला कळायला लागलाय. बारा तारखेला तिनंच अर्थ सांगितला होता. 'मागे.'

फोन फोडीन. उद्या फोडीनच, मग पोलीस बोलवा नाहीतर कोणाला बोलवा —

२० मार्च, बुधवार. रांकोच्या खाणीवर, दुपार

ती पहाटेच निघून आली होती. गाडी सापडली, मग ती.

मधे उघडी विवरं, ओळीनं. ती पलीकडे. माझ्याकडे तोंड करून उभी, कानांवर ते हेडफोन. तिच्या पाठीमागे पांढऱ्या मातीचा ढीग. ढीग जिथे, भोक तिथे.

मी एक पाऊल पुढे टाकलं. ती एक मागे गेली. वळली नाही. इथे जन्म काढलेली बाई — मागे. मी थांबलो. तीही थांबली. म्हणून खाली बसलोय. हललो नाही तर ती हलत नाही.

ओरडून घसा बसला. तिच्या कानात मी गाळला जातोय. फोन लावला, तिच्या खिशात वाजतोय, मला ऐकू येतोय, तिला नाही.

पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहून धरलं. ती नुसती बघत राहिली. मग बघितलं तर देवनागरीत लिहिलंय. गाढव. दुसऱ्या पानावर इंग्रजीत. तिनं वाचलं. मान हलवली, कानाला बोट लावलं. तो नको म्हणतोय.

थिओला फोन केला. निघालाय.

तोवर लिहून ठेवतो. कंपनी, पाचवी, आत्ता की नंतर — तो सगळा राग मला सोपा होता, म्हणून केला. मला त्या बाईची काळजी वाटते. ती मरेल, आणि मी समोर असून नसल्यासारखा असेन. एवढंच आहे. दुसरं काहीच नाही.

धूळ दिसतेय. थिओचा ट्रक. देवा, आला.

थिओ माझ्या बाजूनं येतोय. तिच्या समोरून. कुठून यायचं ते मी त्याला सांगितलंच नाही — हात हलवतोय मी, त्याला वाटतंय बोलावतोय — जोरात येतोय — ती त्याच्याकडे बघतेय, पाय उचलला तिनं, माग