खाडीतील मुळे

२६ नोव्हें. २००७, सोम.
दिवाळीची सुट्टी संपली. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरला एकदाचं नेट जोडून मिळालं. विद्यापीठाच्या ऑनलाइन नियतकालिकांचा पासवर्डही आला. दारावर पाटी: 'ऑनलाइन संदर्भ मदत. दु. ३ ते ५.' नवी वही आखली. तारीख, विषय, मदत मागणारा, मदत देणारा. शेवटच्या रकान्यात मीच सही करायची, दुसरं आहे कोण?
शिपाई गणपत पाटी वाचून म्हणाला, "हंय कोण येतलो, बाई?"
आलं नाही कोणी. उद्याही बसणार.

२८ नोव्हें.
पहिली आली! तनुजा तांडेल, एम.एस्सी. प्राणिशास्त्र, आचऱ्याहून येते. बस सुटेल म्हणून चिठ्ठी टेबलावर टाकून पळाली. 'आचरा खाडीतील मुळे: घटते प्रमाण. दहा संदर्भ हवेत.'
मुलगी हुशार दिसते. तिवरांच्या मुळांवर कोण विचार करतो? लगेच बसले शोधायला. लाइन तीनदा गेली, तरी सोडलं नाही. सहा लेख मिळाले. छापले, टाचले, वर तिचं नाव घातलं. फार बरं वाटलं.

२९ नोव्हें.
तनुजाने पानं उलटली. पुन्हा उलटली. हसू दाबून धरलेलं. मागे गणपत वाकून बघत होता, त्याला काही दाबता आलं नाही.
"बाई, झाडाची ती मुळां! हे मुळे खातत! शिंपल्यातले!"
माझं माहेर खारेपाटण, घरात मासळी नाही, लग्नानंतरही नाही. बाजारात मासळीच्या बाजूला मी वळतसुद्धा नाही. पण प्राणिशास्त्राची मुलगी मुळं कशाला मागेल, एवढं डोक्यात येऊ नये? बावीस वर्षांची नोकरी. कान लाल झाले. पाठकोरे कागद झाले तेवढाच फायदा.
त. म्हणाली, "मॅडम, उद्या परत येऊ?" ये म्हटलं. आता हे सोडत नाही.

३० नोव्हें.
शोधायच्या चौकटीत 'मुळे' लिहिलं, मराठीत, इंग्रजी अक्षरांत. काहीही नाही. जगाच्या लेखी हा प्राणीच नाही. शास्त्रीय नाव हवं. त.ला ठाऊक नाही, पुस्तकातल्या चित्राशी नक्की जुळत नाही म्हणाली.
हाच विषय का, विचारलं. तिची आई शालन सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मुळे काढते. "आई म्हणते आता बारीकच लागतात हाताला. का, ते तिला आजवर कोणी विचारलं नाही." गाईडसाहेबांनी १५ डिसें.पर्यंत मुदत दिलीय. दहा संदर्भ आणले तर विषयाच्या फॉर्मवर सही, नाहीतर तळ्यातल्या प्लवकांवर प्रकल्प. त्यावर आठ वर्षांचे अहवाल कपाटात आहेत. नवव्याची कोणाला गरज?

४ डिसें.
मिळालं. परदेशी साइटवर शिंपल्यांचे फोटो, त्यांतला एक त.ला पटला. मग त्या नावाने शोधल्यावर काय ओघ! दहा लेख एका दुपारात. त. टाळ्या वाजवायची थांबेना. वहीत ऐटीत सही केली.

५ डिसें.
झोप नीट नाही. मुळं आठवतात. फोटोत दिसला म्हणून तोच कसा? त्यातल्या एका लेखाच्या खाली लेखिकेचा ई-मेल पत्ता आहे, दक्षिणेकडच्या संस्थेतल्या बाई. विचारायला काय जातं? लिहिलं. तासाभरात उत्तर! शिंपल्याची आतली बाजू दिसेल असं चित्र पाठवा, जोडाजवळचे दात स्पष्ट हवेत.
शिंपल्याला दात असतात. या वयात कळतंय.

९ डिसें., रवि. अवस
नवऱ्याला म्हटलं, आचऱ्याला जाऊन येते, कामाचं आहे. चारला खाडीवर. पाणी पार उतरलेलं. शालनताई गुडघाभर चिखलात, हाताने चाचपत होत्या. मी काठावर, चपला हातात.
"बाईनू, येवा की खाली. खाडी खायत नाय कोणाक."
उतरले. साडी गेली ती गेली. त्यांनी माझा हात धरून चिखलात खुपसला. काहीतरी टणक लागलं. ओरडलेच. त्या हसून लोटपोट.
मग गंभीर झाल्या. "वरचो थर बदललो बघा. पयली रेव होती, आता नुसतो चिखल. मुळ्याक रेव लागता. वाळू काढूक होडये येवक लागल्ये, तवापासून ह्या असा." कुठून कुठवर रेव होती, कुठल्या वर्षी गेली, सगळं बोट दाखवून सांगितलं. त. वहीत लिहीत होती. आईचं पहिल्यांदाच लिहून घेत होती, म्हणाली.

१० डिसें.
सहा शिंपले स्कॅनरच्या काचेवर. आयुष्यात करेन वाटलं नव्हतं. गणपतने खिडक्या उघडल्या. "गांधीबाबाच्या फोटोखाली मुळे, बाई!" चित्रं जायला पाऊण तास लागला, मध्ये वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. गेली एकदाची.

१२ डिसें.
उत्तर आलं.
तुम्ही समजता ती जात ही नव्हे. दिसायला जवळची, पण वेगळी. तुमचे दहाही लेख दुसऱ्याच जातीवर आहेत. हिच्यावर त्यांना तीनच जुने निबंध माहीत, ते जोडलेत. तुमच्या किनाऱ्यावरचं एकही काम नाही.
दहाचे तीन. माझ्यामुळे दुसऱ्यांदा. त.ला सांगितलं. तिने लेखांचा गठ्ठा पुढे ओढला. मग म्हणाली, "तेच दहा लावले तर? सर कुठे उघडून बघतात?"
नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. माझ्या टेबलावरून खोटी यादी जाणार नाही.
रडली. पण दहाही लेखांवर काट तिनेच मारली.

१३ डिसें.
दिवसभर एकच शोध: माणसाने तोंडी सांगितलेली माहिती संदर्भात कशी द्यायची. कुठे म्हणतात फक्त मजकुरात द्या, कुठे म्हणतात यादीतही चालेल. मी यादीत घालणार. इंग्रजी अक्षरक्रमाने टी, म्हणजे शेवटी. त. म्हणाली, पहिलं घालू या ना. शिस्त म्हणजे शिस्त.
४. तांडेल, शालन. प्रत्यक्ष मुलाखत, आचरा खाडी, ९ डिसेंबर २००७.
त.ने घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "माझा नाव कित्या? मुळ्यांचा घाल." आणि मग पुन्हा एकदा वाचायला लावलं.

१५ डिसें., शनि.
मीही गेले बरोबर. बोलावलं नव्हतं. गाईडसाहेबांनी बोट ठेवून यादी वाचली. "चारच?" दक्षिणेच्या बाईंचं पत्र पुढे केलं. वाचलं. पुन्हा यादी. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.
"या तांडेल कोण? कुठल्या संस्थेत असतात?"
त. म्हणाली, "आई माझी. आचऱ्याच्या खाडीत असते, सर."
साहेबांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "सोमवारी भेटतील का?"
"सोमवारी अष्टमी. पाणी धड उतरत नाही. मोकळी असेल आई."
सही नाही झाली. फॉर्म त्यांच्याच टेबलावर आहे.
खाली येऊन वहीत सोमवारचं पान आखलं. दु. ३. विषय: खाडीतील मुळे. मदत मागणाऱ्यांत तीन नावं, साहेब, तनुजा, मी. शेवटच्या, मदत देणाऱ्याच्या रकान्यात शालन तांडेल लिहिलं. पुढे सहीपुरती जागा कोरी ठेवली.